परिशिष्टातला जोडीदार

माझ्या मुलीने प्रबंध लिहिला तेव्हा तो वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यातलेही निम्मे परीक्षक, म्हणजे ज्यांना वाचल्यावाचून गत्यंतर नव्हतं असे. मी आई असूनही वाचला नव्हता. काळ्या कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा तो ठोकळा मी एकदा उघडला, पहिल्याच पानावर अर्ध्या पानाचं एक वाक्य लागलं, ते संपेपर्यंत मला धाप लागली, आणि मी तो मिटून काचेच्या कपाटात ठेवून दिला, आल्यागेल्याला दिसेल असा. दुसरी प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात गेली. तिथे असल्या ठोकळ्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. "आई, तिथली झुरळंसुद्धा अभ्यासू नाहीत," मुलगी म्हणायची, "बांधणीचा डिंक खातात आणि मजकूर सोडून देतात."

विषय होता, कारखान्यातली माणसं अपघाताबद्दल गप्प का बसतात. त्यासाठी तिला लांब जायची गरज नव्हती. माझा थोरला भाऊ, तिचा मामा, रसायनांच्या कारखान्यात बॉयलरवर होता. दादाचा भाचीवर भारी जीव. घराबाहेर ब्र न काढणारा माणूस, पण ती म्हणाली म्हणून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि रेकॉर्डरचा लाल दिवा चालू असताना दुपारभर बोलत राहिला. तिने त्याला वचन दिलं होतं की तुझं नाव येणार नाही, कारखान्याचं नाव येणार नाही, आणि बोलणारा तू होतास हे मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही.

तो काय बोलला ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्याकडे वाफेची नळी फुटली आणि एक फिटर भाजून मेला. चौकशीत ठरलं की चूक त्याचीच, न विचारता त्याने नळीला हात घातला. मेलेल्या माणसावर खापर फोडणं सोयीचं असतं, तो उलटून बोलत नाही. त्याच्या बायकोच्या हातावर भरपाईच्या जागी चार गोड शब्द ठेवून तिला वाटेला लावलं. खरी गोष्ट निराळी होती. दाब वाढला की आपोआप उघडून वाफ सोडणारी एक झडप असते. ती साहेबांच्या सांगण्यावरून तारेने आवळून ठेवलेली होती, काम थांबू नये म्हणून. दादाने ती तार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आणि दादाच्या पाळीवरच्या जोडीदारानेही.

हा जोडीदार म्हणजे लंबू. उंची माझ्या खांद्याएवढी, म्हणून नाव लंबू. कारखान्यातले लोक असलीच नावं ठेवतात. त्याची बायको लवकर गेली, मुलगा दूर कुठेतरी नोकरीला, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तो दादाबरोबर आमच्याकडे यायचा आणि माझ्या हातचं जेवून मला नावं ठेवायचा. बोलण्यात एक खोड होती. दर दोन वाक्यांनंतर "खोटं कशाला बोलू". "भाजी खारट झालीय ताई, खोटं कशाला बोलू." सगळा कारखाना त्याची नक्कल करायचा. बॉयलरच्या खोलीतल्या त्या गोंगाटात वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी उभं राहून दादालाही ही खोड लागली होती, सर्दी लागावी तशी. पण दादा बाहेर फारसा बोलतच नसे, त्यामुळे ते फक्त आम्हा घरच्यांना माहीत. बाकी जगाच्या लेखी ते वाक्य लंबूच्या मालकीचं.

तर हा प्रबंध तळघरात सुखाने पडून होता. मुलगी तासांवर शिकवायची. दर वर्षी नवी नेमणूक, आणि पुढच्या वर्षी मिळेल की नाही कोण जाणे. मग ग्रंथालयात नव्या ग्रंथपालबाई आल्या.

बाईंचा मला आजही राग येत नाही, हे आधीच सांगून टाकते. कामाने झपाटलेली बाई. तिने डोक्यात घेतलं की विद्यापीठात झालेलं सगळं संशोधन जगाला फुकट वाचता आलं पाहिजे. एकेका विभागात जाऊन ती लोकांच्या मागे लागायची, तुमचे लेख द्या, प्रबंध द्या, कुठल्या मासिकाची परवानगी लागते ते आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा. प्राध्यापक मंडळी तिला चुकवायला जिन्याने जायची. माझी मुलगी मात्र आपणहून गेली. आपलं काम कुणीतरी वाचावं म्हणून कोण आसुसलेलं नसतं?

तळघरातल्या प्रतीची पानं वाळवीने चाळणी केली होती, म्हणून आमच्या कपाटातला ठोकळा मागवला. तो पिशवीत घालून मीच घेऊन गेले. एका लांबट खोलीत, पडदे ओढून, पुस्तकासाठी एक पाळणा केलेला होता. त्यात प्रबंध उघडून ठेवायचा, वरून काच हळूच खाली यायची, दोन बाजूंनी दोन कॅमेरे टिपायचे, मग काच वर, मग पुढचं पान. पानं उलटणारी मुलगी बोटांत रबरी टोप्या घालून बसली होती. मला ते बघताना फार बरं वाटलं. आपल्या लेकराला कुणीतरी नीट न्हाऊमाखू घालतंय असं वाटलं.

"नुसता फोटो नाही हं काढत," बाई मला सांगत होत्या. "यंत्र एकेक अक्षर ओळखतं. उद्या पृथ्वीच्या पाठीवर कुणीही, ह्यातला कुठलाही शब्द टाकून शोधला, की हेच पान समोर येईल. शिवाय आमच्यासारखी बाकीची ग्रंथालयं आपल्याकडून प्रत उचलतात. म्हणजे इथे आग लागली तरी प्रबंध शाबूत."

"मग आता हिला वाचण्यावाचून कुणाची सुटका नाही म्हणायची," मी म्हणाले. मुलगी लाजली.

मग बाईंनी विचारलं, "परिशिष्टासकट द्यायचा की त्याच्याशिवाय? बरेच जण मागच्या मुलाखती देत नाहीत. घाबरतात."

"परिशिष्टासकट," मुलगी लगेच म्हणाली. "तीच तर खरी."

खरंच होतं ते. परीक्षकांनी त्याचंच कौतुक केलं होतं. तिने मुलाखती जशाच्या तशा उतरवल्या होत्या, माणूस अडखळला तिथे अडखळून, हसला तिथे 'हसतो' असं कंसात लिहून. कामगाराच्या तोंडची भाषा आपण इस्त्री करून द्यायची नाही, असं तिचं म्हणणं. नावं काढली, गाव काढलं, कारखाना काढला. बोलणं ठेवलं. पुस्तकात राहणाऱ्या माणसांना वाटतं, माणूस म्हणजे त्याचं नाव. मी उभी नोकरी टेलिफोन खात्यात केली. एक्स्चेंजवर कानाला हेडफोन लावून बसायचे आणि 'हॅलो'च्या आत मला कळायचं कोण बोलतंय, आज भांडून आलंय की कसं. पण मला विचारतो कोण, आणि तेव्हा विचारलं असतं तरी मी वाचलं कुठे होतं!

प्रबंध खुला झाला आणि घरात आनंदीआनंद. बाईंनी एक नकाशा दाखवला. जिथून कुणी वाचलं तिथे ठिपका. ठिपके वाढत चालले. कुठल्या कुठल्या देशांतून पत्रं यायला लागली. एका खाणकामगारांच्या संघटनेने भाषांतराची परवानगी मागितली. विभागप्रमुख, जे तिला कॉरिडॉरमध्ये ओळख देत नव्हते, ते चहाला बोलवू लागले. कायम नेमणुकीचं बोलणं निघालं. मुलीने प्रबंध माझ्या फोनवर उतरवून दिला, अक्षर मोठं करून. ह्या वेळी मी शहाणपणा केला, सुरुवातीची लांबलचक वाक्यं ओलांडून थेट मागे गेले, मुलाखतींकडे. 'बॉयलर विभागातील एक कामगार' असं वर लिहिलेलं. चार ओळी वाचल्या आणि मी हसायलाच लागले.

"अगं, हा तर दादा! जसाच्या तसा. मला तर खोकलासुद्धा ऐकू येतोय."

मुलीचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती म्हणाली, "तू बहीण आहेस त्याची. म्हणून ओळखलंस."

मलाही ते पटलं. माझ्याहून जास्त तास दादाचं बोलणं कुणी ऐकलं असेल, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

ज्यांनी शोधायला हवं होतं त्यांनीही प्रबंध शोधला. मेलेल्या फिटरच्या बायकोने एक नवा वकील गाठला होता. त्याने रात्री घरी बसून झडप, तार, वाफ असले शब्द टाकले, आणि बाईंनी सांगितलं होतं तसं पान समोर आलं. कारखान्याचं नाव नव्हतं, पण वर्णन जुळत होतं. वकिलाने ती पानं दाव्याला जोडली आणि बंद झालेली चौकशी पुन्हा उघडा म्हणून मागणी केली. आमच्या कानावर हे आलं तेव्हा मुलगी टेबलावर डोकं ठेवून रडली, आनंदाने. एवढी वर्षं केलेल्या कामाने कुणाच्या तरी दारावर थाप मारली होती.

कंपनीच्या वकिलांनीही तीच पानं वाचली. त्यांना एकच प्रश्न होता, बोललं कोण. आणि पानापानावर लिहिलेलं होतं, 'खोटं कशाला बोलू'.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दादा जेवायला आला होता. वहिनी तेव्हा कंपनीच्या दवाखान्यात होती. तिची मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला लागायचं, ते सगळं कंपनीच्या दवाखान्यात, दादाच्या नोकरीच्या जिवावर. दादाचं जेवण व्हायच्या आत लंबू आला. उशिरा आलो म्हणून ओरडू नका, असं काहीतरी तो दारातून म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. तो सरळ आत आला. खुर्चीवर बसला आणि मुलीला म्हणाला, "पोरी, मला कामावरून थांबवलंय. म्हणतात, मी तुझ्याकडे काहीतरी बोललो. मी कधी गं बोललो तुझ्याशी?"

मुलगी पांढरीफटक पडली. माझा हात ओट्यावरच राहिला.

"नाही बोललात, लंबूमामा," ती म्हणाली.

"मग तसं सांग की त्यांना. दोन ओळी लिहून दे."

आता हा पेच बघा. बॉयलरच्या त्या पाळीवर माणसं दोनच. हा नाही म्हटलं की उरला तो एकच, आणि तो आमच्याच टेबलाशी बसून ताटाकडे बघत होता. मुलीने त्याच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. दादाने घास तोंडात घातला आणि चावत राहिला. माझ्या सख्ख्या भावाची मला त्या क्षणी शिसारी आली, आणि त्याच क्षणी दवाखान्यातल्या खाटेवर वहिनीचे सुजलेले पाय दिसले. दोन्ही एकदम झालं. कुठलं आधी, मला सांगता येणार नाही.

"मला कुणाबद्दलच काही सांगता येत नाही," मुलगी म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "हो म्हणून पण नाही, नाही म्हणून पण नाही. मी सगळ्यांनाच तसा शब्द दिलाय."

लंबूने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाला, "बरं. पण मी काय बोललो ते तरी दाखवशील? अख्खं जग वाचतंय म्हणतात. मीच तेवढा राहिलो."

ह्याला नाही कसं म्हणणार? मुलीने पान काढून फोन त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्मा लावला आणि एकेका ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. मी ओट्याकडे तोंड करून भांडी घासत बसले, घासलेलीच. मध्येच तो हसला. "हे बरोबर आहे," म्हणाला. मग बराच वेळ काही आवाज नाही.

त्या पानावर काय आहे ते मला तोवर पाठ झालं होतं. दादा सांगतो, तार दोघांनी पाहिली. फिटरला उचलून नेल्यावर ते दोघं नळाशी हात धूत होते. दादाने विचारलं, आता साहेबांना काय सांगायचं? 'तर जोडीदार म्हणाला, आपण काही बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही तेच पाहिजे होतं. पण म्हणाला तो.' नळाशी तेव्हा दोघांखेरीज कुणी नव्हतं. ते वाक्य आपण म्हणालो होतो की ऐकलं होतं, हे लंबूला कुणी सांगायची गरज नव्हती.

मला मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लंबूने माठातलं पाणी घेतलं, प्यायला, पेला जागेवर ठेवला. "चांगलं लिहिलंयस, पोरी," म्हणाला. "जसं घडलं तसं." आणि न जेवता गेला.

त्यानंतर घरात जे झालं त्याला भांडण म्हणायचं तर तसं म्हणा. मुलगी दादासमोर उभी राहिली. "मामा, मला मोकळं कर. तू एकदा हो म्हण, मी उद्या जाऊन सांगते की ते लंबूमामा नव्हते."

"आणि तुझ्या मामीला मी घरी आणून काय करू?" दादा म्हणाला. "उशाशी बसून तुझा प्रबंध वाचू?"

"तो तुझा मित्र आहे!"

"तू मला सांगितलं होतंस कुणाला कळणार नाही म्हणून."

 ती माझ्याकडे वळली. "आई, तू बोल ना!" आणि मी काय बोलले माहितीये? मी म्हणाले, "लंबूभाऊंवर विसंबून कोणी नाही. त्यांचं एकट्याचं निभेल." माझ्या तोंडून हे शब्द गेले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, आणि मग खोलीत जाऊन तिने कडी लावली.

दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे गेली. मी बरोबर गेले, ती नको म्हणत असताना. बाईंनी सगळं ऐकलं. नाव कुणी घेतलं नाही, पण बाई काय समजायचं ते समजल्या. त्यांच्या टेबलावर नव्या प्रबंधांची चळत होती. ती त्यांनी उगाचच बाजूला सरकवली.

"मी आत्ता पान बंद करते," त्या म्हणाल्या. "त्या जागी फक्त शीर्षक राहील. पण बाकीच्यांनी उचललेल्या प्रती परत येत नाहीत. मी लिहीन सगळ्यांना. काही ऐकतील. कंपनीने तर केव्हाच छापून घेतलं असेल." मग म्हणाल्या, "आणि त्या फिटरच्या बायकोच्या वकिलाला अजून ते पान लागणार आहे. कोर्टात तो दाखवायला जाईल आणि तिथे काही नसेल."

"मग मी काय करू?" मुलगी म्हणाली.

"मला माहीत नाही गं," बाई म्हणाल्या. "परिशिष्ट घेताना मी एवढंच विचारलं की तुझी हरकत नाही ना. बोललेल्या माणसाला पुन्हा विचारलंस का, हे विचारलं नाही. तेव्हा तो तळघरासाठी बोलला होता." त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांच्यावर चिडायचं होतं, जमलं नाही.

"मीच सांगून टाकलं तर? वचन मोडून?"

"ते वचन मोडणं तुझ्या हातात नाही. ज्याला दिलं त्याचं आहे ते."

पान तसंच खुलं राहिलं. मुलीने ते बंद करू दिलं नाही. बंद करून लंबू परत कामावर येणार नव्हता, आणि फिटरच्या बायकोचा दावा मात्र लटकला असता. ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी आई आहे, मला ते बरोबर वाटलं.

लंबूची चौकशी झाली. कारखान्यातून बातमी आली की तो आत गेला, विचारलं त्याचं उत्तर म्हणून नुसता बसून राहिला, ना हो म्हणाला ना नाही, आणि बाहेर आला. गुपित फोडल्याबद्दल त्याला काढून टाकलं. कंपनीने दिलेली क्वार्टर रिकामी करायला सांगितली. दादाला साहेबांनी बोलावून पाठीवर थाप मारली. त्यांच्या हिशेबी तोच तो जोडीदार ना, शहाण्यासारखा गप्प बसलेला.

क्वार्टर सोडायच्या आदल्या दिवशी मी गेले. डबा घेऊन गेले, दुसरं काय नेणार! खोली रिकामी झाली होती. गुंडाळलेली गादी, एक ट्रंक, दोरीने बांधलेलं स्टोव्हचं खोकं. भिंतीवर कॅलेंडरच्या जागी तेवढाच चौकोन उजळ दिसत होता. लंबू गादीच्या गुंडाळीवर बसला होता, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. मुलाकडे जाणार म्हणाला. मुलाने ये म्हटलंय, सुनेने अजून काही म्हटलेलं नाही.

"भाऊ," मी म्हणाले, "तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? की बोलणारे तुम्ही नव्हता?"

"मग त्यांनी विचारलं असतं, तू कोण."

"म्हणजे?"

"दोघंच होतो ताई. एक बोलणारा आणि एक काही बघितलं नाही म्हणणारा. मी पहिला नाही म्हटलं की दुसरा झालो." तो डब्याचं झाकण उघडत होता, मिटत होता. "त्या फिटरची बायको आली होती इथे. गेल्या आठवड्यात. तिलाही कुणीतरी सांगितलं असणार, बोलला तो लंबू. माझे दोन्ही हात धरून रडली. म्हणाली, एवढ्या माणसांत तुम्ही एकटे बोललात. मला सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? हात सोडवून घ्यायला पाहिजे होते?"

मी झाकण काढून डबा त्याच्यापुढे सरकवला.

"मी नाही सोडवले," तो म्हणाला. "जे मी बोलायला पाहिजे होतं ते माझ्या नावावर लागलं. त्याच्यापायी घर गेलं तर गेलं."

मग त्याने डब्यातलं थोडं खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाला. मी तिथून निघाले ती रस्ताभर रडत आले. लोक बघत होते, बघू देत.

महिनाभरात मुलीला कायम नेमणूक मिळाली. ती विद्यापीठाच्या जवळ खोली घेऊन राहायला गेली. माझ्याशी बोलते, कामापुरतं. मामाच्या आवाजाला ती फोन ठेवून देते. दावा अजून चालू आहे, नकाशावर ठिपके अजून वाढतायत, बाईंनी आता नवा नियम केलाय की मुलाखती खुल्या करण्याआधी बोललेल्या माणसाला पुन्हा विचारायचं. चांगला नियम आहे.

दादा सुट्टीच्या दिवशी जेवायला येतो. मागच्या खेपेला आला तेव्हा मी ठरवून ठेवलं होतं. त्याला अर्धं जेवू दिलं आणि म्हणाले, "दादा, लंबूला माहीत होतं. इथे बसून वाचत होता ना, तेव्हाच कळलं त्याला."

तो थांबलासुद्धा नाही. "मला ठाऊक आहे," म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"त्याला कळलं ते. तू पाठमोरी होतीस. पाणी पिताना त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. बोलू नको म्हणून." त्याने पोळीचा तुकडा मोडला. "मी तोंड उघडणार होतो गं. देवाशपथ उघडणार होतो. त्याने मान हलवली आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं..."

त्याने नाक ओढलं, हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाला, "भात वाढ."

आणि मी वाढला.